मासे, पाणी आणि सोबत

मी शाळेंत शिकवीत असतांना एका विद्यार्थ्यानें ओढ्यांतून बोटाच्या पेराएवढे पांच-सहा मासे धरून आणिले. मीं ते काचेच्या बरणींत ठेविले. रोज सकाळीं बरणी राखेनें घासून लख्ख करावयाची, नवें पाणी भरावयाचें आणि मुलांनीं मूठभर भात टाकावयाचा, असा आमचा क्रम होता. चार दिवसांत मासे मेले. शेवटीं उरलेला एकटा मासा तळाशीं निश्चळ राहिला. त्यानें अन्नास तोंडही लाविलें नाहीं. "गुरुजी, पाणी स्वच्छ होतें, खायलाही पुष्कळ होतें, मग ते मेले कां?" असें त्या मुलानें विचारिलें. मजजवळ उत्तर नव्हतें. तें मला पुढें इतिहासांत सांपडलें. तेंच आज निवेदन करितों.

आमच्या धर्मापुरीस केदारेश्वराचें चालुक्यकालीन देऊळ आहे. कल्याणीच्या त्याच चालुक्यांपैकीं तिसऱ्या सोमेश्वराच्या नांवावर 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ आहे. सुमारें ११३० सालच्या या ग्रंथांतील मत्स्यविनोदाच्या प्रकरणांत कोणत्या माशास कोणतें खाद्य द्यावें, हें सांगितलें आहे. परंतु तो चारा घालावयाचा तो अखेर मासा गळास लागावा म्हणून.

पुढें १८२२ सालीं फ्रान्सिस हॅमिल्टन यांनीं गंगेच्या माशांवरील ग्रंथांत निळ्या पट्ट्यांच्या एका चिमुकल्या माशाचें वर्णन केलें. तोच आज काचपेट्यांत दिसणारा झेब्रा मासा होय. दख्खनच्या माशांवर कर्नल साइक्स यांचा निबंध १८४१ सालीं लंडनला प्रसिद्ध झाला. त्यांनीं कित्येक माशांस इकडच्या लोकांच्या तोंडचींच नांवें दिलीं. थव्यानें फिरणाऱ्या रुपेरी अलकूट माशाचें नांव शास्त्रांत शिरलें तें असें. परंतु माशास नांव देणें निराळें आणि त्यास घरांत जगविणें निराळें.

ती युक्ति लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनीं १८५० सालीं मांडिली. त्यांनीं पात्रांत दोन सोनेरी मासे व एक पाणवनस्पति ठेविली. वनस्पतीनें प्राणवायु दिला, परंतु तिचीं पानें कुजून पाणी गढूळ झालें. मग त्यांनीं गोगलगाई सोडिल्या. त्यांनीं कुजकें खाल्लें आणि पाणी निवळलें. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत सार्वजनिक मत्स्यगृह उघडलें. तरीहि एक दुवा उरला होता. माशांच्या विसर्जनांतून व कुजक्या अन्नांतून अमोनिया हें विष उत्पन्न होतें. त्याचें रूपांतर करून त्याचा विषारीपणा घालविणारे सूक्ष्म जंतु असतात, हें विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाच्या १८९० च्या सुमाराच्या संशोधनानें सिद्ध झालें.

हे जंतु वाळूवर, दगडांवर आणि काचेवर वस्ती करितात. म्हणजे मी रोज राखेनें घासून काढीत होतों ती घाण नव्हती, तर माशांचा आधारच होता. आणि मूठभर भातानें मी विषाची भर घालीत होतों. माझी स्वच्छता आणि माझें औदार्य, दोन्ही त्या जिवांस घातक ठरलीं.

म्हणून ज्यांस घरीं असे मासे पाळावयाचे असतील त्यांनीं बरणी टाळून लांबट पेटी घ्यावी. ती एकदम माशांनीं भरूं नये. जंतूंची वस्ती वाढण्यास कांहीं आठवडे लागतात. आठवड्यास चौथा हिस्सा पाणीच बदलावें. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन जंतूंस व माशांस दोघांसही मारक असतें, तेव्हां औषध घालून तें आधीं घालवावें. दोन मिनिटांत संपेल एवढेंच खाद्य द्यावें. झेब्रा मासा उडी मारतो, यास्तव झांकण हवें. आणि मुख्य म्हणजे थव्याचा मासा एकटा ठेवूं नये; निदान सहा तरी असावेत. एकटा पडला कीं तो भितो, लपतो, खाणें सोडितो. बरणीच्या तळाशीं माझ्यासमोर राहिलेला तो शेवटचा मासा हेंच सांगत होता.

तो विद्यार्थी आज कोठें आहे, मला ठाऊक नाहीं. तो ऐकत असेल तर त्याच्या प्रश्नाचें उत्तर हें असें आहे. तें देण्यास त्याच्या गुरुजींस फार उशीर झाला.