लालबागच्या टर्नरला सी किंगचं गिअर का कापता आलं नसतं?

कुलाब्याला समुद्राला लागून नौदलाचा हेलिकॉप्टर तळ आहे, आयएनएस शिक्रा. हे नाव २००९ चं. त्याआधी तो 'कुंजली' होता. गिरगाव चौपाटीवरून पाच पात्यांचं अवजड, करडं हेलिकॉप्टर जाताना पाहिलं असेल, तर ते बहुधा सी किंग. माणसं-सामान वाहणं आणि समुद्रात अडकलेल्यांना दोरीने वर ओढणं ही त्याची कामं.

मे १९९८ मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या. अमेरिकेने निर्बंध लावले आणि सुट्या भागांअभावी बरीचशी सी किंग जमिनीवर बसली. तुम्ही म्हणाल, सी किंग तर ब्रिटिश, वेस्टलँड कंपनीचं. अमेरिकेचा काय संबंध? तर वेस्टलँडने ते अमेरिकेच्या सिकॉर्स्कीकडून परवाना घेऊन बनवलेलं. इंजिनावर नाव रोल्स-रॉइसचं, पण तेही मुळात जनरल इलेक्ट्रिकचं टी-५८. अमेरिकन तंत्राचे भाग पुढे द्यायचे तर वॉशिंग्टनची परवानगी हवी, विकणारा कोणीही असो.

परळ-लालबागच्या गिरण्यांचा इतिहास वाचलेल्यांना पुढचा प्रश्न पडेलच. विलायतेहून आलेली यंत्रं इथे कित्येक दशकं चालली, मोडलेले भाग इथल्याच लेथवर कापून बसवले गेले. मग हे का नाही?

कारण आकार कापणं हा त्यातला सोपा भाग (तुलनेने!). इंजिनातली टर्बाइन मिनिटाला हजारो फेरे घेते, वरचा पंखा जेमतेम दोनशेच्या आसपास. हा फरक मुख्य गिअरबॉक्स पचवतो. प्रत्येक फेऱ्याला गिअरचा दात किंचित वाकतो, पुन्हा सरळ होतो. असं लाखो-करोडो वेळा झालं की धातू थकतो आणि डोळ्याला न दिसणारी चीर पडते. म्हणून अशा भागांचं आयुष्य उड्डाणाच्या तासांत बांधून दिलेलं असतं. तास भरले की भाग कितीही चकचकीत दिसो, काढायचा. नव्या भागासोबत त्याची कुंडलीच लागते: पोलाद कुठलं, उष्णतेची प्रक्रिया कोणती, तपासणी कोणी केली. गिरणीत गिअर तुटलं तर साचा बंद पडतो. इथे खाली दोरीला माणूस लटकलेला असतो.

अशा वेळी जगभरची हवाई दलं एक नावडता उपाय करतात: एका यंत्राचे भाग काढून दुसरं उडवायचं. कागदावर दोन, आकाशात एक. छोटं चेतक या पेचातून बरंचसं सुटलं, कारण त्याचं मूळ फ्रेंच आणि ते बेंगळुरूला एचएएलमध्ये बनायचं. पण त्यात माणसं मावतात किती!

निर्बंध सप्टेंबर २००१ मध्ये उठले. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबईपासून दूर समुद्रात पी-३०५ ही तराफा-नौका बुडाली. तिच्यावर २६१ माणसं होती, १८६ वाचली. बहुतेकांना नौदलाच्या जहाजांनी काढलं. वारा उतरल्यावर हेलिकॉप्टरंही शोधात उतरली. त्यातली सी किंग तेव्हा तिशी ओलांडलेली होती.

आता त्यांच्या जागी एमएच-६० आर येत आहेत. २०२० मध्ये २४ चा करार झाला, पहिलं स्क्वाड्रन मार्च २०२४ मध्ये कोचीला दाखल झालं. बनवणारी कंपनी? सिकॉर्स्कीच. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांचे सुटे भाग आणि देखभाल यांसाठी अमेरिकेशी वेगळा करार झाला, सुमारे ७,९९५ कोटी रुपयांचा.