ख्रिस्ती श्रद्धेतील शहाणपण : विद्येकडून विवेकाकडे

बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागले की हिंडलगा येते. 1923 साली उभारलेल्या मध्यवर्ती कारागृहामुळे या गावाचे नाव दूरवर परिचित आहे. कोणत्याही कारागृहात निरक्षर असतात, तसेच पदवीधरही असतात. बरे-वाईट कळत असूनही माणूस क्षणाच्या रागापायी वा लोभापायी आयुष्य गमावतो, तेव्हा उणीव नेमकी कशाची असते? माहितीची नव्हे, बुद्धीचीही नव्हे. ख्रिस्ती धर्मग्रंथ या उणिवेला शहाणपणाचा अभाव म्हणतात.

बायबलच्या जुन्या करारात यासाठी ‘होखमा’ हा हिब्रू शब्द येतो. तो केवळ तत्त्वज्ञाचा गुण नाही. निवासमंडपाचे कोरीवकाम करणाऱ्या बसालेल या कारागिराच्या कौशल्यालाही तोच शब्द लावला आहे. म्हणजे शहाणपण हे जगण्याचे कसब आहे. सुताराचा हात जसा सरावाने बसतो, तसे मनही योग्य निर्णयाला सरावते. नीतिसूत्रे, ईयोब आणि उपदेशक हे ग्रंथ याच परंपरेतले. कॅथॉलिक बायबलमध्ये शलमोनाचा ज्ञानग्रंथ आणि बेन सिराचा ग्रंथ यांचीही त्यात भर पडते. परमेश्वराचे भय हा शहाणपणाचा आरंभ मानला आहे. मात्र येथे भय म्हणजे धास्ती नव्हे, तर आपल्याहून मोठ्या सत्तेपुढची नम्रता.

राजा शलमोनाची कथा प्रसिद्ध आहे. वर मागण्याची संधी मिळाली तेव्हा त्याने संपत्ती वा दीर्घायुष्य न मागता न्यायनिवाड्यासाठी समंजस अंतःकरण मागितले. तरीही उतारवयात तो वाट चुकला. त्याचा पुत्र रहबाम याने तर वडीलधाऱ्यांचा सौम्यतेचा सल्ला झुगारून समवयस्कांचे ऐकले आणि करांनी गांजलेल्या प्रजेला अधिक कठोर उत्तर दिले. परिणामी राज्य दुभंगले. एका उर्मट उत्तरातून सीमा कशी उभी राहते, हे सीमाभागातील वाचकाला वेगळे सांगायला नको. शहाणपण वारशाने मिळत नाही आणि एकदा मिळाले म्हणून कायम टिकतही नाही, असा या दोन पिढ्यांचा धडा आहे.

नव्या करारात या संकल्पनेला वेगळे वळण मिळते. करिंथ येथील मंडळीला लिहिताना पौल म्हणतो, की जगाला जो मूर्खपणा वाटतो त्या क्रुसातच देवाचे ज्ञान प्रकटले. बळाने जिंकण्यापेक्षा प्रेमासाठी सोसणे श्रेष्ठ, हा त्याचा आशय. याकोबाच्या पत्रात खऱ्या शहाणपणाची कसोटी सांगितली आहे : ते शांतिप्रिय, सौम्य, दयाळू आणि निष्कपट असते. मत्सर आणि तंटा जिथे असतो, तिथे कितीही चातुर्य असले तरी शहाणपण नसते. कॅथॉलिक परंपरेत पवित्र आत्म्याच्या सात दानांमध्ये शहाणपणाला अग्रस्थान आहे. तेराव्या शतकातील विचारवंत थॉमस अक्वायनस यांनी न्याय, धैर्य व संयम या सद्गुणांना दिशा देण्याचे काम विवेकाकडे सोपवले.

मराठीशी या विचाराचे नाते जुने आहे. 1579 साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी बायबलची कथा ओवीबद्ध मराठीत सांगितली. 1616 साली राशोल येथे छापलेले त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ परकी शिकवण देशी छंदात मांडते. ऐकणाऱ्याच्या भाषेत बोलणे, हेही शहाणपणच. पुढे पंडिता रमाबाईंच्या जीवनात विद्या आणि शहाणपण यांची सांगड दिसते. संस्कृत पांडित्यासाठी कलकत्त्याच्या विद्वानांनी गौरवलेल्या या विदुषीने ते पांडित्य मिरवले नाही. त्यांनी 1889 साली मुंबईत शारदा सदन सुरू केले, दुष्काळात निराधार मुलींना केडगावी आधार दिला आणि हिब्रू-ग्रीक शिकून सोप्या मराठीत बायबल आणले.

रोजच्या जगण्यात या शिकवणीचा उपयोग साधा आहे. नीतिसूत्रे मुंगीकडून उद्योग शिकायला सांगतात आणि विचार न करता दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहू नये, असे बजावतात. याकोब जिभेची तुलना रान पेटवणाऱ्या ठिणगीशी करतो. मोबाइलवर आलेला भडक संदेश पुढे धाडण्यापूर्वी क्षणभर थांबणे, भावाभावांच्या वाटणीत दोन पावले मागे येणे, घरातील वृद्धांचे बोलणे पुरते ऐकून घेणे, चूक झाली तर ती कबूल करणे, हे सारे त्याच शिकवणीत येते. ‘अतिशहाणा त्याचा बैल रिकामा’ या मराठी म्हणीतही स्वतःच्या हुशारीवर भाळण्याचा हाच धोका सांगितला आहे.

शहाणपण उणे पडत असेल तर ते देवाकडे मागावे, असे याकोब सुचवतो. मागण्यासाठी मात्र आधी आपल्यापाशी ते पुरेसे नाही, हे मान्य करावे लागते. ही कबुली देण्याइतकी नम्रता ज्याच्या अंगी आली, त्याची शहाणपणाकडची वाटचाल तिथूनच सुरू होते.