काळी झिलई

जस्त-तांब्याच्या मिश्रधातूत चांदी ठोकून बसवावी, बिदरच्या किल्ल्यातील माती नवसागरासह उकळून त्या द्रावात जस्त तेवढे काळे करावे आणि अखेरीस तेलाचा हात फिरवून ती कृष्णप्रभा खुलवावी, ही बिदरी कला जेथे आजही नांदते, त्याच तेव्हाच्या औरंगाबादेत ऑक्टोबर २०१० मध्ये एकाच दिवशी १५० मर्सिडीज मोटारी दाखल झाल्या. काळ्या मोटारीची तब्येत मात्र मोठी नाजूक! धुळकट फडक्याने पुसताच पारदर्शक लेपावर उमटणारे, उन्हात कोळिष्टकासारखे चमकणारे ओरखडे मेण केवळ झाकते. ते घालवायचे तर आधी सौम्य पॉलिश, न भागल्यास कंपाउंड लावून तो लेपच अंमळ झिजवावा लागतो. बिदरीला तेलाचे बोट पुरते.