बटणावरचा थेंब

सोलापुरात माणसाचे कान लवकर जातात. मी डॉक्टर नाही, रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा माणूस आहे. पण माझ्या दुकानात आलेल्या प्रत्येक दुसऱ्या संचाचा आवाज शेवटच्या टोकापर्यंत वाढवलेला असायचा, त्यावरून मला हे कळलं. याचं मूळ मागांच्या आवाजात आहे. इथली ‘जुनी गिरणी’ ही कापडगिरणी १८७७ साली सुरू झाली आणि १९६३ साली बंद पडली. पुढच्या दशकांत बाकीच्या गिरण्यांचे भोंगेही एकेक करून थांबले. मागांचा आवाज मात्र थांबला नाही. तो साखर पेठेत, भद्रावती पेठेत, दत्तनगरात, थेट घराच्या पुढच्या खोलीत आला. यंत्रमागाच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या सहज पुढे जातो. त्यात रोज आठ-दहा तास, वर्षानुवर्षं उभं राहिलेल्या कामगाराला पन्नाशीत नातवाचं बोलणं पुरतं ऐकू येत नाही.

अपंग आणि वृद्ध माणसांपर्यंत रेडिओ-टीव्ही पोचवण्याचा इतिहास सहसा दिल्लीतल्या कायद्यांपासून सांगितला जातो. मी तो दुकानातल्या बाकड्यावरून सांगणार आहे. आमच्या गावात हे काम कायद्याच्या कितीतरी आधी, सोल्डरिंग गन आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन झालं आहे.

सुरुवात रेडिओची. पुणे आकाशवाणी १९५३ साली सुरू झाली, सांगली १९६३ साली. सोलापूरकर या दोन केंद्रांवर वाढले. दिवसा पुणं खरखरायचं. सूर्य मावळला की मध्यम लहरी आकाशातल्या थरांवरून परतून लांबवर पोचतात, म्हणून रात्री तेच केंद्र स्वच्छ लागायचं. लघुलहरींवर रेडिओ सिलोन होतंच. पुढे सोलापूरचं स्वतःचं आकाशवाणी केंद्र झालं, १०३.४ मेगाहर्ट्झवर, आणि घरच्या बोलीतला आवाज खरखरीविना ऐकू येऊ लागला.

दृष्टी नसलेल्या माणसासाठी रेडिओ म्हणजे वर्तमानपत्र, नाटक, कीर्तन आणि शाळा, सगळं एकात. इंग्लंडला ही गोष्ट फार लवकर उमगली होती. तिथे १९२६ साली अंध व्यक्तींना रेडिओ परवान्याचं शुल्क माफ करणारा कायदा झाला, आणि १९२९ च्या नाताळात अंधांना रेडिओ संच मिळावेत म्हणून विन्स्टन चर्चिल यांनी बीबीसीवरून लोकांना आवाहन केलं. आपल्याकडेही रेडिओला पोस्टात परवाना काढावा लागे आणि त्याच्या पुस्तिकेवर तिकिटं चिकटवावी लागत. ती पद्धत १९८० च्या दशकात गेली.

पण संच घरात आला तरी केंद्र लावायचं कसं? काटा काचेच्या आत फिरतो, त्याला हात लागत नाही. माझ्या उस्तादांनी यावर काढलेले उपाय मी पुढे चालवले. छोट्या ट्रान्झिस्टरच्या चाकाच्या कडेवर अ‍ॅराल्डाइटचा एक थेंब आणि बाहेर खोक्यावर दोन थेंब लावायचे. चाकावरचा थेंब पहिल्या थेंबासमोर आला की पुणं, दुसऱ्यासमोर आला की सांगली. पुणं ७९२ किलोहर्ट्झवर आणि सांगली १२५१ वर, त्यामुळे दोन थेंबांत चांगलं अंतर राहायचं, बोट चुकायचं नाही. मोठ्या संचात बटण डायलच्या दोरीवर चालतं आणि त्याचे बरेच वेढे होतात. तिथे ते एका टोकापर्यंत नेऊन वेढे मोजायला शिकवायचं. शिकणाऱ्याचा हात दोन दिवसांत बसायचा. शहरातल्या अंधशाळेतली मुलं तर संच हातात घेऊन मलाच सांगायची, “काका, दोरी सैल झालीय, घसरतेय.”

रेडिओने दृष्टिहीनांना आणखी एक गोष्ट दिली, आणि ती मला सगळ्यात मोलाची वाटते: डोळ्यांनी पाहिलेलं शब्दांत उभं करण्याची कला. बाळ ज. पंडित यांनी मराठीतून क्रिकेटचं धावतं वर्णन केलं, तेव्हा क्षेत्ररक्षक कुठे उभा आहे, चेंडू कुठल्या बाजूला गेला, हे ऐकणाऱ्याला आपोआप दिसायचं. आषाढीला पंढरपूरहून वारीचं वर्णन यायचं. चंद्रभागेचं वाळवंट, दिंड्यांच्या पताका, महाद्वारापाशी वाढत चाललेली रांग. माझ्या ओळखीचे एक आजोबा जन्मापासून पाहू शकत नव्हते. पंढरपूर त्यांच्यासाठी एसटीने दोन तासांवर होतं, तरी गर्दीच्या भीतीने ते आषाढीला कधी गेले नाहीत. दिंडीतली तुळस कुणाच्या डोक्यावर असते आणि वीणा कुणाच्या गळ्यात, हे त्यांना त्या वर्णनांतून पाठ होतं. आज परदेशात टीव्हीच्या दृश्याचं निवेदन देणारा वेगळा ध्वनिमार्ग असतो. अमेरिकेत त्याची नियमित सेवा १९९० साली सुरू झाली. ती कला मराठीला मुळीच परकी नाही. आमच्या समालोचकांनी ती आधीच कमावली होती.

याच रेडिओने बहिऱ्या माणसाला मात्र काहीच दिलं नाही. त्याच्यासाठी तर काळ उलटा फिरला होता. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली पडद्यावर आला तेव्हा सिनेमा मुका होता. संवाद पडद्यावर लिहून यायचे, आणि वाचता येणारा बहिरा प्रेक्षक इतरांच्या बरोबरीने गोष्ट समजून घ्यायचा. १९३१ साली ‘आलम आरा’ बोलला, पुढच्याच वर्षी ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलला, आणि पडद्यावरची अक्षरं गेली. बोलपटाचं कौतुक आपण सगळ्यांनी केलं. त्या दिवशी कुणाचा पडदा बंद झाला, याची नोंद फारशी कुणी ठेवली नाही.

टीव्ही आला तेव्हा दोघांनाही अर्धंच मिळालं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. १९८४ मध्ये देशभर कमी शक्तीची प्रक्षेपण केंद्रं उभी राहिली, तेव्हा आमच्यासारख्या गावांत घरांवर अँटेना दिसू लागले. जानेवारी १९८७ मध्ये ‘रामायण’ सुरू झालं. रविवारी सकाळी माग बंद असायचे आणि एका संचासमोर अख्खी गल्ली बसायची. त्यात पाहू न शकणारे संवादांवर भागवायचे आणि ऐकू न येणारे चित्रांवर. दृश्यात कुणी बोलत नसलं की शेजारचं कुणीतरी कानात सांगायचं, “आता बाण सोडला.” हे काम बहुतेक वेळा घरातली शाळकरी मुलगीच करायची.

त्याच १९८७ साली दूरदर्शनने कर्णबधिरांसाठी आठवड्याचं बातमीपत्र सुरू केलं. रविवारी दुपारी, प्रादेशिक चित्रपटाच्या आधी. हातांनी बातम्या सांगणारी बाई पडद्यावर दिसली की आमच्या गल्लीतला एक मुलगा जेवण टाकून धावत यायचा. त्या काळात बहुतेक शाळा मुलांना ओठांवरून समजून बोलायला लावत, हातांनी बोललं तर रागवत. आणि इथे सरकारी टीव्हीवर एक मोठी बाई उघडपणे हातांनी बोलत होती. त्या मुलाच्या घरी तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत कन्नड आणि टीव्हीवर हिंदी. चार भाषांच्या या गावात त्याला पूर्ण कळणारी भाषा फक्त हातांची होती, आणि ती आठवड्यातून एकदाच पडद्यावर यायची. त्याच्या आधी सात वर्षं, १९८० साली, अमेरिकेत हवी तेव्हा दिसणारी उपशीर्षकं नियमित सुरू झाली होती. आपल्याकडे रविवार दुपारच्या चित्रपटाखाली अक्षरं यायची, पण इंग्रजीत.

माझ्या दुकानात सगळ्यात जास्त काम आलं ते कमी ऐकू येणाऱ्या वृद्धांचं. सुनेला आवाज सहन होत नाही आणि सासऱ्याला ऐकू येत नाही, म्हणून घरात भांडण. त्यासाठी कानाला लावायची वायर काढून द्यायची. बोलायला सोपं, करायला धोक्याचं. त्या काळच्या पुष्कळ टीव्हींची चेसिस थेट घरातल्या विजेशी जोडलेली असायची. जॅक सरळ बसवला तर आजोबांच्या कानालाच करंट. म्हणून मधे ट्रान्सफॉर्मर टाकून वीज वेगळी करायची, मगच वायर बाहेर आणायची. काही जण उशाशी ठेवायला छोटा स्पीकर मागायचे.

त्यात एक गोष्ट मी प्रत्येकाला समजावून सांगायचो. वयाने किंवा मागाने कान गेला की आधी बारीक, उंच आवाज जातात. स, श, फ, त ही अक्षरं त्यातच येतात. आवाज नुसता वाढवला तर ढोल वाढतो, शब्द वाढत नाही. टोनचं बटण फिरवून जड आवाज कमी करायचा, बारीक वाढवायचा. बऱ्याच घरांतली भांडणं तेवढ्याने मिटली. आताच्या चपट्या टीव्हींना तोंड मागे किंवा खाली केलेले स्पीकर असतात. आवाज भिंतीवर आपटून येतो आणि मालिकेतल्या संगीतात संवाद बुडतात. चित्र सुधारलं, शब्द बिघडला.

२०१३ हे वर्ष आमच्या गावातल्या वृद्धांसाठी फार जड गेलं. केबलच्या डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यात देशातली ३८ शहरं होती, त्यात सोलापूर होतं, आणि मुदत ३१ मार्चची. एका रात्रीत सेट टॉप बॉक्स आले. आधी बटण दाबलं की चित्र लागायचं. आता दोन रिमोट, पाटीभर बारीक बटणं, आणि पडद्यावर इंग्रजी यादी जी कुणी वाचून दाखवत नाही. कितीतरी आज्ज्यांनी त्या महिन्यात टीव्ही स्वतः लावणं सोडून दिलं. मी पुन्हा अ‍ॅराल्डाइट काढलं. रिमोटच्या पाचावर कंपनीचाच एक उंचवटा असतो. त्यावरून बाकीचे आकडे शोधायला शिकवलं, चालू-बंदच्या बटणावर थेंब टाकला, नको असलेल्या बटणांवर चिकटपट्टी लावली.

कायदाही आला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम ४२ मध्ये ध्वनिवर्णन, सांकेतिक भाषा आणि उपशीर्षकं यांचा स्पष्ट उल्लेख आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्राने टीव्हीसाठी मानकं काढली. वृत्तवाहिन्यांनी रोज एक बातमीपत्र सांकेतिक भाषेसह द्यायचं, इतरांनी आठवड्यातून किमान एक कार्यक्रम, आणि प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढवत न्यायचं. पण थेट बातम्या, खेळ, चर्चा, रिअ‍ॅलिटी शो यांना सूट आहे, म्हणजे लोक जे सगळ्यात जास्त पाहतात त्यालाच. आणि ही मानकं श्रवणदोषापुरती आहेत. दृष्टिहीनांसाठीचं ध्वनिवर्णन त्यांच्या कक्षेत येत नाही. चित्रपटगृहांसाठी मार्च २०२४ मध्ये दोन्हींची मार्गदर्शक तत्त्वं निघाली. घरातल्या मराठी मालिकेला मात्र अजून कुणी आवाजाने रंगवून सांगत नाही.

माझ्या हयातीत ही सोय प्रत्येक संचाला, प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळी करून द्यावी लागली. जे दुकानापर्यंत आले त्यांना मिळाली, बाकीच्यांना नाही. कारागिराचा थेंब हा हक्क होऊ शकत नाही. तो कारखान्यात आणि स्टुडिओतच घातला गेला पाहिजे. मराठी वाहिन्यांनी मराठी कार्यक्रमांखाली मराठी अक्षरं द्यावीत, मालिका आणि चित्रपटांना धावत्या वर्णनाचा आवाज जोडावा, आणि त्यासाठी आकाशवाणीत समालोचन केलेल्या ज्येष्ठांना हाताशी घ्यावं. बॉक्स बनवणाऱ्यांनी यादी मराठीत बोलून दाखवावी. वाचकहो, तुमच्या केबलवाल्याकडे आणि वाहिनीकडे ही मागणी लेखी करा. कलम ४२ चा उल्लेख करा आणि घरातल्या आजोबांचं वय लिहा.