मीटरपलीकडील जबाबदारी



घरापर्यंत वीज आणून देणारी संस्था कोठपर्यंत जबाबदार, आणि तेथून पुढें घरधनी किती जबाबदार, हा प्रश्न आपल्याकडे वीज आली तेव्हांपासूनचा आहे. कायद्यानें त्याचें उत्तर हळूहळू ठरविलें. त्या उत्तराची हकीकत आज सांगावयाची आहे. कारण तें ठाऊक नसल्यामुळें आजही चांगल्या नांदत्या घरांत माणसें दगावतात.

मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटांत १८८२ सालीं विजेचे दिवे लागले. ते लावणारी कंपनी पुढच्याच वर्षीं बुडाली. पण ही नवी शक्ति घरांत शिरणार हें सरकारनें ओळखलें, आणि १८८७ सालीं विजेच्या वापरापासून जीविताला व मालमत्तेला होणाऱ्या धोक्यासंबंधीं पहिला कायदा केला. पुढें १९०५ सालीं बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी निघाली, १९१० सालीं सर्व देशाला दीर्घकाळ लागू राहिलेला वीज कायदा झाला, आणि १९१५ सालीं खोपोलीच्या पाण्यावर निर्माण केलेली वीज मुंबईस पोंचली. या काळांत जी वांटणी रूढ झाली ती सोपी आहे. तारा, मीटर व इतर साहित्य पुरवठादाराच्या मालकीचें असेल, तेथपर्यंत तें सुरक्षित ठेवणें त्याचें काम. मीटरपलीकडील सर्व काम घरधन्याचें.

आरंभीं ही वांटणी घरधन्याला जड गेली नाहीं. त्या वेळच्या घरांत भिंतीवर लांकडी पट्ट्या ठोकलेल्या असत, आणि त्यांवर रबरी वेष्टनाच्या तारा पत्र्याच्या चिमट्यांनीं अडकविलेल्या असत. तार कोठून निघाली, कोठें वळली, कोठें तिचें रबर कडक होऊन तडकलें, हें जमिनीवर उभ्या माणसाला डोळ्यांनीं दिसे. पुढें प्लास्टिकचें वेष्टन आलें, तारा नळ्यांत गेल्या, नळ्या भिंतींत गेल्या आणि वर गिलावा बसला. घर देखणें झालें, परंतु दोष दिसेनासा झाला. जेथें डोळा चालत नाहीं, तेथें माणसावर विश्वास ठेवावा लागतो. आणि तो विश्वास कोणावर ठेवावयाचा, हें कायद्याला सांगावें लागलें.

१९५६ सालच्या वीज नियमांतील पंचेचाळिसाव्या नियमानें तें सांगितलें. दिवा, पंखा, फ्यूज, बटण बदलण्यासारखीं किरकोळ कामें वगळतां, वायरिंगचें काम सरकारी परवाना असलेल्या ठेकेदारामार्फतच, प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षकाच्या देखरेखीखालीं आणि परवानाधारक वायरमनच्या हातूनच झालें पाहिजे, असा तो दंडक होता. १९१० चा कायदा जाऊन २००३ चा आला, नियमांच्या जागीं २०१० आणि मग २०२३ सालचीं विनियमनें आलीं. पण हें तत्त्व कायम राहिलें. परवाना हा गिलाव्याआड गेलेल्या तारेचा साक्षीदार होय.

आतां आपल्या नागापूरकडे वळूं. सीना नदीपलीकडे मनमाडच्या रस्त्यावरील या गांवीं, १९६२ सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत झाली, आणि शेतीचें गांव कामगारांचें गांव बनलें. योगायोग असा कीं, विजेवर ताबा ठेवणारीं स्विचगिअर नांवाचीं उपकरणें नगरच्या या वसाहतींतच बनूं लागलीं. लार्सन अँड टुब्रोचा हा धंदा २०२० सालीं श्नायडर इलेक्ट्रिककडे गेला. घराघरांच्या रक्षणाचें साहित्य जेथें घडतें, तेथील भाड्याच्या खोल्यांत मात्र एकाच प्लगवर शेगडी, पंखा व पाणी तापविण्याचा दांडा चालतो, आणि वितळलेल्या फ्यूजच्या जागीं तांब्याचे चार पदर पिळून बसविले जातात!

फ्यूजसंबंधीं एक गैरसमज फार जुना आहे. फ्यूज माणसाला वांचविण्यासाठीं नाहीं. तो तारेला वांचविण्यासाठीं आहे. पांच अँपिअरचा फ्यूज पांच अँपिअर प्रवाह खुशाल जाऊं देतो, आणि माणसाचें हृदय बंद पाडावयास त्याचा शंभरावा भाग, म्हणजे पन्नास मिलिअँपिअर, पुरेसा होऊं शकतो. माणसाला वांचविणारें उपकरण निराळें. तें जाणारा व परत येणारा प्रवाह सारखा ताडून पाहतें. दोहोंत तीस मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे वीज कोणाच्या तरी अंगांतून जमिनींत चालली आहे असें समजून, डोळ्याचें पातें लवण्याआधीं ती तोडतें. त्यावर चांचणीचें बटण असतें. तें अधूनमधून दाबून पाहावें. दाबल्यावर वीज गेली नाहीं, तर तें उपकरण केवळ शोभेचें समजावें. त्याच्या जोडीला अर्थिंग हवें. मीठ व कोळसा घालून पुरलेल्या नळाच्या खड्ड्यांत नगरच्या कोरड्या उन्हाळ्यांत पाणी घालीत राहावें. कोरडी माती वीज वाहून नेत नाहीं.

खरी मेख सहीपाशीं आहे. नव्या जोडणीसाठीं चांचणी अहवाल लागतो, आणि त्यावर परवानाधारक ठेकेदाराची सही लागते. पुष्कळ ठिकाणीं काम करतो एक, आणि घराचा उंबरठाही न ओलांडतां सही करतो दुसरा. घरधनीही चार पैसे वांचले म्हणून खूष असतो. अशी सही म्हणजे साक्षीदारानें न पाहिलेल्या घटनेची दिलेली साक्ष. न्यायालयांत आपण ती खोटी म्हणूं. घरांत मात्र तिच्या भरंवशावर मुलांना निजवितों.

म्हणून गांवचा वायरमन अवश्य बोलवावा. रात्रीं-अपरात्रीं धांवून येणारा तोच. परंतु त्याचा परवाना व त्यावरील मुदत पाहावी, आणि हें विचारण्यांत त्याचा अपमान नाहीं. सही करणाऱ्या ठेकेदारानें प्रत्यक्ष यावें असा आग्रह धरावा. पांचशें व्होल्टची मेगर लावून तारांचें वेष्टन निदान एक मेगओम भरतें कीं नाहीं, तें आपल्यासमोर मोजवावें. बटण फेज तारेवरच आहे ना, हें विचारावें. तें न्यूट्रलवर असेल, तर दिवा विझूनही होल्डर जिवंत राहतो. आणि गिलावा चढण्यापूर्वीं नळ्या कोठून गेल्या याचा नकाशा एका कागदावर काढून, तो घराच्या कागदपत्रांत ठेवावा; पुढें खिळा ठोकणाऱ्या हाताला तोच वांचवील.

वायरमनची मजुरी घासाघीस करून कमी करतां येते. परंतु मीटरपलीकडील जबाबदारी कोणालाही कमी करतां येत नाहीं. ती घरधन्याची होती, आणि आजही त्याचीच आहे.