एक गाव, अनेक कपाटे

ग्रंथालय हे विद्यापीठाचे हृदय असते, असे म्हणण्याची आपल्याकडे प्रथा आहे. पदवीदान समारंभात ते ऐकायला बरेही वाटते. पण हृदय एकच असते, ग्रंथालये मात्र बहुधा अनेक असतात. मध्यवर्ती ग्रंथालय असते, विभागांची ग्रंथालये असतात, संशोधनसंस्थांचे संग्रह असतात. शिवाय कोणत्याही अहवालात ज्यांची नोंद नसते अशी प्राध्यापकांच्या खोल्यांतील कुलूपबंद कपाटेही असतात. अध्यापक यांपैकी कोठे जातो आणि कोठे फिरकत नाही, हा विषय सहसा ग्रंथपालांवर सोपवला जातो. आम्हांला तो ज्ञानाच्या इतिहासाचा विषय वाटतो, आणि साहित्याच्या अध्यापकाने त्याकडे पाठ फिरवू नये असेही वाटते. त्यासाठी एक गाव घेऊ: नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील काठी.

सातपुड्यातील हे गाव आज ओळखले जाते ते पहाटे पेटणाऱ्या राजवाडी होळीमुळे. ‘राजवाडी’ हे विशेषण हौसेने लावलेले नाही. खानदेशाच्या पश्चिम टोकाला मेहवासी सरदारांची जी छोटी संस्थाने होती, त्यांपैकी काठी हे एक होते. आता कल्पना करा की मराठीच्या एका अध्यापकाला या होळीच्या गाण्यांवर लिहायचे आहे. त्याने कोणते कपाट उघडावे?

संस्थानाची माहिती त्याला १८८० मध्ये निघालेल्या खानदेश गॅझेटिअरमध्ये मिळेल, म्हणजे इतिहास विभागात. भाषेसाठी ग्रीअर्सन यांची भाषापाहणी पाहावी लागेल. येथे एक मौज आहे. मराठीला वाहिलेला या पाहणीचा सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. मराठी विभागात या पाहणीतले एखादे पुस्तक असलेच तर बहुधा तोच खंड असतो. भिल्ली बोली मात्र नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात आहेत (१९०७), आणि ज्या अहिराणीला आपण मराठीची बोली म्हणून शिकवतो तीही ‘खानदेशी’ या नावाने तेथेच, भिल्लींच्या शेजारी बसवलेली आहे. सातव्या खंडावर थांबणाऱ्या अध्यापकाला काठी तर भेटत नाहीच, धुळे-जळगावची घरातली बोलीही भेटत नाही. या वर्गीकरणाशी वाद घालता येईल, घालावाही. पण त्यासाठी आधी दुसऱ्या कपाटापर्यंत जावे लागते.

समाजजीवनासाठी मानवशास्त्राकडे वळावे लागेल. इरावती कर्वे यांनी पश्चिम खानदेशातील भिल्लांची पाहणी केली होती. जमीन आणि जंगल या विषयांवरचे लेखन अर्थशास्त्रात सापडेल. सरदार सरोवराने याच डोंगराळ मुलखातील नर्मदाकाठच्या गावांचे जे केले, ते पाहायला विधी शाखेत जावे लागेल: १९७९ चा नर्मदा जलविवाद लवादाचा निवाडा आणि १८ ऑक्टोबर २००० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तेथे मिळतील. आणि होळी? ड्युई यांच्या दशांश वर्गीकरणात सणांची जागा ३९४ मध्ये, लोकसाहित्याची ३९८ मध्ये. मराठी साहित्य ८९१.४६ पाशी. म्हणजे काठीची गाणी आणि आपला अभ्यासक्रम यांच्यामध्ये जवळजवळ पाचशे आकड्यांचे अंतर आहे. एकाच इमारतीत ते दोन मजल्यांचे असू शकते. विभागवार ग्रंथालये असतील तर एका टेकडीचे, आणि आपल्या विद्यापीठांचा इतिहास पाहिला तर एका शहराचेही.

पुणे विद्यापीठाचेच पाहा. ते १९४९ मध्ये स्थापन झाले. पहिले कुलगुरू बॅ. मु. रा. जयकर यांचेच नाव गणेशखिंडीतील मध्यवर्ती ग्रंथालयाला मिळाले. पण विद्यापीठ येण्यापूर्वीच शहर ग्रंथांनी भरलेले होते. येरवड्याच्या बाजूला डेक्कन कॉलेज होते. ते १९३४ मध्ये बंद पडले आणि १९३९ मध्ये संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडले. भाषाशास्त्र, पुरातत्त्व आणि मानवशास्त्र तेथे रुजले. त्याच कॉलेजातील सरकारी हस्तलिखितांचा संग्रह त्याआधी, १९१८ मध्ये, वर्षभरापूर्वी स्थापन झालेल्या भांडारकर संस्थेकडे गेला होता. अर्थशास्त्राचे ग्रंथ १९३० च्या गोखले संस्थेत होते, तर मराठ्यांच्या इतिहासाची कागदपत्रे १९१० च्या भारत इतिहास संशोधक मंडळात. पुण्याच्या प्राध्यापकाचा परिसर म्हणजे हे सारे शहर होते. मुंबईत विभागणी निराळी झाली. राजाबाई मनोऱ्याखालचे जुने ग्रंथालय फोर्टात राहिले, अध्यापन विभाग हळूहळू कलिन्याला गेले आणि तेथे जवाहरलाल नेहरू ग्रंथालय उभे राहिले. वर्ग एकीकडे आणि जुनी अरबी-फारसी हस्तलिखिते दुसरीकडे, अशी ही लोकलच्या प्रवासाची वाटणी.

विभागीय ग्रंथालयाची कल्पना एकोणिसाव्या शतकातील जर्मन सेमिनारपर्यंत मागे नेता येते. प्राध्यापक, त्याचे मोजके विद्यार्थी आणि हाताशी असलेले ग्रंथ एकाच खोलीत असावेत, हा तिचा गाभा. कल्पना उत्तम आहे. तास संपताच पुस्तक काढून दाखवता येणे ही किती मोठी सोय, हे शिकवणाऱ्यास सांगायला नको. पण आमच्या पाहण्यात असे दिसते की ही सोय कालांतराने सीमा बनते. एका विभागात (तो कोठला, हे सांगण्याचे कारण नाही) आम्हांला हवा असलेला ग्रंथ एका ज्येष्ठ अध्यापकांच्या नावावर इतकी वर्षे होता की तो त्यांच्याबरोबरच निवृत्त झाला.

याउलट मोठे काम करणारी माणसे या सीमा सहज ओलांडत होती असे दिसते. मुंबईच्या समाजशास्त्र विभागाचे गो. स. घुर्ये यांचे आदिवासींविषयीचे वादग्रस्त पुस्तक १९४३ मध्ये प्रकाशित केले ते पुण्याच्या गोखले संस्थेने. इरावतीबाई डेक्कन कॉलेजात मानवशास्त्र शिकवत आणि महाभारतावर लिहीत. दुर्गा भागवत तर बहुतेक काळ कोणत्याच विभागाच्या नव्हत्या. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय हीच त्यांची बैठक. लोकसाहित्याचा विचार मराठीत त्यांच्या हातून इतका भक्कम उभा राहावा, आणि तो विभागाच्या कपाटाबाहेर बसून, हा योगायोग आम्हांला वाटत नाही.

हे झाले शहरांचे. काठीच्या जवळ शिकवणाऱ्या अध्यापकाचे काय? त्याचे विद्यापीठ १९९० पासून जळगावला आहे. २०१८ पासून त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे. मध्यवर्ती ग्रंथालयासाठी त्याने डोंगर उतरून नंदुरबार गाठायचे आणि सुरत-भुसावळ मार्गाची गाडी धरायची. वाटेत अमळनेरला १९१६ चे तत्त्वज्ञान केंद्र लागते. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जायचे तर एस.टी.; इतिहासाचार्यांच्या निधनानंतर १९२७ मध्ये स्थापन झालेल्या त्या संस्थेत त्यांचा संग्रह आहे. आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे ग्रंथालय थेट पुण्याला. शहरातल्या प्राध्यापकाला जो मजला चढायचा कंटाळा येतो, तो याच्यासाठी रजेचा अर्ज असतो. तरीही या मुलखावर जे काही जोडून पाहणारे लेखन होईल ते याच अध्यापकाकडून होण्याचा संभव अधिक, असे आमचे मत आहे. कारण त्याला गावाची आठवण विषयवार कापलेली नसते.

शहाद्याकडचे कवी वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा संग्रह १९८७ मध्ये आला, तेव्हा या परिसराचे एक नाव निश्चितपणे ८९१.४६ च्या फळीवर चढले. लिहिलेली कविता आपल्या विभागात आली. गायलेली अजून ३९८ मध्येच आहे. दोन्ही ऐकणारे कान एकाच घरातले असूनही त्यांच्या पुस्तकांना दोन कुलपे आहेत. आणि संदर्भयादीत दोन्ही कपाटे दिसली तर परीक्षक विषय नेमका कोणता, असे विचारतो.

आता गॅझेटिअर आणि भाषापाहणी दोन्ही संगणकावर वाचता येतात, तेव्हा ही पायपीट संपली असे कोणी म्हणेल. पुष्कळशी संपलीही, गोखले संस्थेने आपले दुर्मिळ ग्रंथ खुले केले याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. पण शोधाच्या चौकटीत रोमन लिपीत ‘काठी’ लिहून पाहावे. सौराष्ट्रातील काठी दरबार येतात, काठियावाडचे घोडे येतात, कोलकात्याचा काठी रोल येतो. मराठीत लिहिले तर हातातली काठी येते. सातपुड्यातील गाव यायला त्यापुढे मेहवासी, अक्कलकुवा किंवा होळी यांपैकी एक शब्द जोडावा लागतो, आणि कोणता शब्द जोडला त्यावर कोणते कपाट उघडेल ते ठरते.