मिल्टनच्या मुली

न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात मिहाय मुंकाची या हंगेरियन चित्रकाराचं एक भलंमोठं चित्र आहे. १८७८च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ते फार गाजलं होतं. काळ्या कपड्यातला आंधळा कवी जॉन मिल्टन खुर्चीत मान खाली घालून बसला आहे, टेबलापाशी त्याच्या तीन मुली आहेत. एकीच्या हातात लेखणी आहे, ती पुढे झुकून पुढच्या ओळीची वाट बघते आहे. ‘पॅरडाइज लॉस्ट’ सांगितलं जातं आहे. असाच प्रसंग मुंकाचीच्या आधी देलाक्रवानेही रंगवला होता, आणि इतरही काहींनी. एकोणिसाव्या शतकाला आंधळा बाप आणि त्याच्या सेवेत रमलेल्या लेकी हे दृश्य फारच आवडलेलं दिसतं.

अडचण एवढीच, की हे असं घडलेलं नाही. महाकाव्याचा बराचसा भाग १६५८ ते १६६३ या काळात रचला गेला. सुरुवात झाली तेव्हा धाकटी डेबोरा सहा वर्षांची होती आणि थोरली ॲन बारा. पुतणे, भाचे, विद्यार्थी, भेटायला आलेले मित्र, जो हाताशी असेल त्याला मिल्टन रात्री जुळवलेल्या ओळी सकाळी सांगत असे. दहा-वीस-तीस ओळींचे असे तुकडे साठत गेले. ते वेळोवेळी तपासणारा त्याचा भाचा एडवर्ड फिलिप्स याने १६९४मध्ये मामाचं चरित्र लिहिलं. मुलींचं खरं काम काय होतं, हेही त्यानेच सांगून ठेवलं आहे.

आधी थोडी घरची हकीकत. मिल्टनची दृष्टी हळूहळू गेली आणि १६५२च्या सुरुवातीला पूर्ण गेली. त्याच वर्षी २ मे रोजी डेबोरा जन्मली, तीन दिवसांत तिची आई वारली आणि पुढच्या महिन्यात सव्वा वर्षाचा एकुलता मुलगाही गेला. ॲन आणि मेरी यांना बापाने निदान तान्हेपणी पाहिलं होतं. डेबोराचा चेहरा त्याने कधीच पाहिला नाही, आणि डोळस बाप कसा असतो हे तिने कधी पाहिलं नाही. नंतर सावत्र आई आली, तीही सव्वा वर्षात गेली. १६६०मध्ये राजा परत आला आणि राजाचा शिरच्छेद योग्य ठरवणाऱ्या मिल्टनवर लपण्याची पाळी आली. काही काळ तुरुंगही झाला. सरकारी खात्यात ठेवलेले दोन हजार पौंड बुडाले. आपल्याकडे इंग्रजी घेऊन बी.ए. केलेल्यांना त्याचं अंधत्वावरचं सुनीत माहीत असतं. त्यात देव आहे, सेवा आहे, धीर आहे. मुली नाहीत.

मुलींना काम होतं वाचून दाखवण्याचं. ब्रेल लिपी यायला अजून पावणेदोनशे वर्षं होती. ज्याचं सगळं आयुष्य पुस्तकांत गेलं, त्याला पुस्तक हवं तर दुसऱ्याचं तोंडच हवं. फिलिप्स सांगतो की मेरी आणि डेबोरा यांना हिब्रू, ग्रीक, लॅटिन, इटालियन, स्पॅनिश, फ्रेंच वाचता येत होतं. अक्षरं ओळखायची आणि उच्चार बिनचूक करायचे, एवढंच. अर्थ एकाही भाषेचा शिकवला नव्हता. बाईच्या जातीला एक जीभ पुरे, असं मिल्टन म्हणत असे. इंग्रजीत जीभ आणि भाषा यांना एकच शब्द असल्यामुळे हा विनोद होतो. घरात तो किती हसून घेतला गेला असेल, कोण जाणे. हे सहनशक्तीची परीक्षा पाहणारं काम होतं, मुलींनी ते बरीच वर्षं सोसलं आणि मग कुरबुर वाढत गेली, असं फिलिप्सनेच नोंदवलं आहे. तो मामाचा चाहता होता, म्हणून ही नोंद मला वजनदार वाटते.

याच सुमारास, १६६२मध्ये, टॉमस एलवुड नावाचा एक तरुण क्वेकर मिल्टनकडे लॅटिन वाचून दाखवायला येऊ लागला. त्याने पुढे आत्मचरित्र लिहिलं. त्यात एक गोष्ट आहे, ती वाचल्यापासून मला मुलींच्या बाजूने राग येतो. मिल्टनचा कान इतका तयार होता, की वाचणाऱ्याला अर्थ कळतो आहे की नाही हे त्याला नुसत्या आवाजावरून समजे. एलवुड न समजता वाचू लागला की मिल्टन त्याला थांबवी, प्रश्न विचारी आणि अवघड जागा उलगडून सांगे. म्हणजे न कळण्याचा आवाज त्याला ओळखू येत होता. तो आवाज त्याने घरात रोज ऐकला आणि चालू दिला. आंधळेपणाने माणूस परावलंबी होतो, त्याचं ओझं मुलांवर पडतं, हे कुठल्याही घरात होऊ शकतं. एलवुडच्या हातात पुस्तक दिलं की शिकवणी व्हायची. मुलींच्या हातात दिलं की नुसतं वाचन.

मुलींच्या मनात काय होतं, त्याचे पुरावे १६७४मध्ये न्यायालयापुढे आले. नोव्हेंबरात मिल्टन वारला. त्याने मृत्युपत्र तोंडी केलं होतं. भाऊ क्रिस्टोफर स्वतः वकील, त्याने ते शपथेवर सांगितलं. सगळं तिसऱ्या बायकोला, आणि ‘निर्दय’ मुलींना फक्त त्यांच्या आईच्या हुंड्याची रक्कम, जी सासऱ्याने कधी दिलेलीच नव्हती. एलिझाबेथ फिशर या मोलकरणीची साक्ष झाली. बापाचं तिसरं लग्न १६६३चं. ते ठरल्याची बातमी ऐकून चौदा वर्षांची मेरी म्हणाली होती की लग्नाच्या बातमीत विशेष ते काय, मरणाची असती तर एक गोष्ट होती. मुली मोलकरणीला बाजारहाटात पैसे मारायला सांगत. बापाची काही पुस्तकं त्यांनी परस्पर घालवली होती, उरलेली रद्दीवाल्या बायकांना विकायला निघाल्या होत्या.

ही साक्ष सावत्र आईच्या बाजूची, आणि बरीचशी मिल्टनच्याच तोंडून ऐकलेली. सगळी खरी मानायचं कारण नाही. पण पुस्तकांची गोष्ट कुणी मुद्दाम रचली असेल असं वाटत नाही. ज्या वस्तूंपुढे रोज तासन्‌तास बसावं लागतं आणि ज्यातलं अक्षर कळत नाही, त्या घरातून जाव्यात असं मुलींना वाटलं असेल. न्यायालयाने मृत्युपत्र मानलं नाही. तिघींना प्रत्येकी शंभर पौंड मिळाले. पावतीवर ॲनने सही ऐवजी खूण केली आहे.

ॲनबद्दल कुणीच फार लिहीत नाही. ती पायाने अधू होती आणि बोलताना अडखळत असे, म्हणून वाचनातून तिला सूट होती. आंधळा बाप आणि अपंग मुलगी एका छताखाली बरीच वर्षं राहिली. त्यांच्यात काय बोलणं होई, त्याची एक ओळ शिल्लक नाही. पुढे तिने एका गवंडीकाम करणाऱ्या कंत्राटदाराशी लग्न केलं आणि पहिल्याच बाळंतपणात बाळासकट गेली.

डेबोरा मात्र पंचाहत्तर वर्षं जगली. बाप असतानाच ती घर सोडून एका बाईंची सोबतीण म्हणून आयर्लंडला गेली, तिथे एब्राहम क्लार्क या विणकराशी लग्न केलं आणि पुढे लंडनच्या स्पिटलफील्ड्स या विणकरवस्तीत गरिबीत राहिली. दहा मुलं झाली. त्यातला केलेब मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्यात पोचला, म्हणजे मिल्टनचा नातू आपल्या किनाऱ्यावर येऊन गेला. तोवर मिल्टन महाकवी ठरला होता. लोक म्हातारीला शोधत येऊ लागले. ॲडिसन येऊन गेला, राणी कॅरोलिनने पन्नास गिनी पाठवल्या.

या पाहुण्यांना ती वडिलांबद्दल मायेने सांगे. संगत फार आनंदाची, बैठकीत सगळ्यांचे प्राण तेच असत. आणि ती होमर, युरिपिडीस, ओव्हिड यांच्या आरंभीच्या ओळी म्हणून दाखवी. पन्नासेक वर्षांनंतर, तोंडपाठ. जोनाथन रिचर्डसनने १७३४मध्ये छापलेली हकीकत अशी, की मिल्टनचं एक रंगखडूचं चित्र तिच्यापुढे धरलं तेव्हा हे माझे वडीलच, असं म्हणत ती चित्रातल्या चेहऱ्यावर ठिकठिकाणी हात ठेवू लागली.

यावर संशय घेणं सोपं आहे. पाहुण्यांना जे ऐकायचं होतं ते तिने ऐकवलं, गिनींची गरज होती, वगैरे. थोडं तसंही असेल. पण पाठ ओळींचं काय करायचं? आपल्यातल्या अनेकांना रामरक्षा येते. अर्थ विचारला तर दोन श्लोकांपुढे गाडी जात नाही. तरी दिवेलागणीला ती म्हणवून घेणाऱ्या आजोबांचा आवाज त्या शब्दांना चिकटून राहिलेला असतो, मग ते आजोबा प्रेमळ असोत की छडी घेऊन बसलेले. डेबोराने त्या ओळी प्रेमाने पाठ केल्या नव्हत्या, हे फिलिप्सवरून उघड आहे. पण स्वतःचा संसार, मुलांची मरणं, गरिबी यांतून गेल्यावर, चाळिशीत आंधळा झालेला, सर्वस्व गमावलेला तो माणूस तिला वेगळा दिसला असेल. तो तिचा बाप झाला तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होता. तिने तर त्याचं ते वय कधीच ओलांडलं होतं.

डेबोरा १७२७मध्ये वारली. तिची मुलगी एलिझाबेथ फॉस्टर नवऱ्याबरोबर किरकोळ वाणसामानाचं दुकान चालवत असे. ५ एप्रिल १७५० रोजी ड्रुरी लेन नाट्यगृहात तिच्या मदतीसाठी मिल्टनच्या ‘कोमस’चा प्रयोग झाला. त्याची नांदी लिहिली डॉ. जॉन्सनने, म्हणजे चिपळूणकरांच्या निबंधमालेमुळे मराठी वाचकाच्या ओळखीच्या झालेल्या जॉन्सनने. हाच जॉन्सन पुढे मिल्टनच्या चरित्रात लिहितो की या नातीला आजोबांची फारशी माहिती नव्हती आणि जी होती ती चांगली नव्हती. आजोबा मुलींशी कठोर वागत, त्यांना लिहायलासुद्धा शिकू दिलं नाही, असं ती सांगे. हे तिला सांगणारी, बहुधा, आईच. पाहुणे गेल्यावर, घरात.

प्रयोगाचे एकशेतीस पौंड जमले. त्यातून नवरा-बायकोने दुकानात थोडा माल वाढवला आणि ते इस्लिंग्टनला राहायला गेले.